दत्तक घ्यायचं ठरवताय? नोंदणी, प्रतीक्षा आणि मूल घरी आल्यानंतरचं

रानजाई

माझ्या विपूत, म्हणजे इथल्या विचारपुशीच्या पानावर, दत्तकाबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात. नोंदणी कुठे करायची, खर्च किती येतो, ओळखीची एखादी संस्था आहे का. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा. आमची लेक दत्तक प्रक्रियेतूनच आमच्या घरी आली, आता शाळेत जाते. मी लिहितेय ते भारतात राहणाऱ्या आणि नात्याबाहेरचं मूल दत्तक घेऊ पाहणाऱ्यांसाठी. नात्यातलं दत्तक आणि परदेशस्थांचे नियम यांवर इथल्या जाणकारांनी भर घालावी.

पहिली गोष्ट, 'ओळखीची संस्था' हा विषय डोक्यातून काढून टाका. पूर्वी लोक आपल्या शहरातल्या संस्थेत नाव नोंदवून यायचे. २०१५ पासून सगळ्या देशाची एकच ऑनलाइन यादी आहे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या अखत्यारीत 'कारा' हे प्राधिकरण आहे, त्यांच्या केअरिंग्ज पोर्टलवर तुम्ही स्वतः नोंदणी करायची. ज्या तारखेला नोंदणी पूर्ण होते तिथून तुमची ज्येष्ठता सुरू. नगरसेवकाची चिठ्ठी किंवा देणगी यांनी ती एका दिवसानेही पुढे सरकत नाही, आणि सरकू नयेच.

नोंदणीनंतर ३० दिवसांत कागदपत्रं चढवायची: पॅन कार्ड, जन्मतारखेचा आणि राहत्या पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा, विवाह प्रमाणपत्र, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, ओळखीच्या दोघांची शिफारसपत्रं, कुटुंबाचा फोटो. घटस्फोटित असाल तर न्यायालयाचा हुकूमनामा, जोडीदार हयात नसेल तर मृत्यूचा दाखला. आमच्या ओळखीत सगळ्यात जास्त लोक अडकले ते विवाह प्रमाणपत्रावर, कारण लग्न नोंदवलेलंच नव्हतं. आधीच करून ठेवा.

मग सामाजिक कार्यकर्ती घरी येते आणि गृह अध्ययन अहवाल म्हणजे होम स्टडी होते. त्यानंतर वाट पाहणं. आपला क्रमांक आला की मुलाचा फोटो, बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय अहवाल पोर्टलवर दिसतो. याला रेफरल म्हणतात. मूल राखून ठेवायला ४८ तास असतात. हे ४८ तास फार भराभर जातात, म्हणून बालरोगतज्ज्ञ आधीच गाठून ठेवा. वैद्यकीय अहवाल आपल्या पसंतीच्या डॉक्टरांना दाखवायची मुभा आहे. ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना मेसेज आला आणि शनिवारी संध्याकाळी डॉक्टर शोधत फिरले, असं होऊ देऊ नका.

राखून ठेवल्यावर संस्थेत जाऊन मुलाला भेटायचं, तिथल्या समितीशी बोलायचं, होकार द्यायचा. मग बाळ 'दत्तकपूर्व प्रतिपालन' या नावाखाली घरी येतं आणि कायदेशीर आदेशाचं काम मागून चालू राहतं. बाळ घरी आल्यापासून दर सहा महिन्यांनी अशी दोन वर्षं पाठपुराव्याची भेट असते.

खर्चाबद्दल: शुल्क नियमांनी ठरलेलं आहे, पोर्टलवर लिहिलेलं आहे, पावती मिळते. त्यापलीकडे कोणी एक रुपया मागितला तर तिथून उठा.

टिटवी

छान धागा. एक विचारायचं होतं. नवऱ्याच्या मित्राच्या ओळखीत एका नर्सिंग होमची आया आहे. ती म्हणते, एक मुलगी बाळंत व्हायची आहे, घरच्यांना बाळ नको आहे, तुमच्याच नावाने जन्मदाखला करून देऊ. आम्ही सात वर्षं मुलासाठी झुरतोय. सासूबाई म्हणतात, देवानेच वाट दाखवली. कायद्यात बसत नाही हे कळतं, पण त्या बाळाचंही भलंच होईल ना?

मुचकुंद

टिटवी, स्पष्ट लिहितो. हे करू नका.

बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ८० प्रमाणे ठरलेली प्रक्रिया डावलून मूल देणं किंवा घेणं हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. पैशाची देवघेव झाली तर कलम ८१ लागतं. तिथे पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी, आणि रुग्णालयातल्या माणसाचा हात असेल तर त्याला तीन ते सात वर्षं. घेणाराही आरोपी असतो हे लोक विसरतात.

शिक्षा बाजूला ठेवली तरी खोट्या दाखल्यावर उभं राहिलेलं नातं कायद्यापुढे टिकत नाही. उद्या टोळी पकडली गेली तर पोलीस त्या मुलाला तुमच्या कुशीतून काढून बाल कल्याण समितीपुढे (मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्यातली सरकारी समिती) नेतील. दोन-तीन वर्षांचं, तुम्हाला आई-बाबा म्हणणारं मूल. ते कसं सोसणार?

आणि त्या मुलीचा विचार करा. बाळ सांभाळणं जिला खरंच शक्य नाही, तिच्यासाठी कायदेशीर वाट आहे. तिने बाल कल्याण समितीपुढे बाळ स्वाधीन करायचं. त्यानंतर फेरविचाराला तिला ६० दिवस मिळतात. आयाने ठरवलेल्या सौद्यात हे ६० दिवस कुणी देत नाही. तिच्यावर घरच्यांचा दबाव आहे का, हेही कुणी विचारत नाही. तिला समितीपर्यंत किंवा १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकापर्यंत पोचवा, यात त्या बाळाचं खरं भलं आहे.

टिटवी

वाचून पोटात गोळा आला. नवऱ्यालाही वाचायला दिलं. तो म्हणाला, उद्याच कळवतो. १०९८ ला मी स्वतः फोन करते. नोंदणीचे कागद गोळा करायला घेतोय.

अबोली_सोलापूर

आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. मिस्टरांचं स्टेशनरीचं दुकान आहे. होम स्टडीत घर लहान म्हणून नाकारतात का? कपाटं उघडून बघतात असंही ऐकलंय.

देवचाफा

अबोलीताई, मी बरीच वर्षं एका दत्तक संस्थेत सामाजिक कार्यकर्ती होते. असंख्य होम स्टडी केल्या, म्हणून सविस्तर लिहिते.

कपाटं कुणी उघडत नाही. भाड्याचं घर आहे म्हणून मी कुणाला नाकारलेलं नाही. घर सुरक्षित आहे का, हवा-उजेड-पाणी आहे का, मूल कुठे झोपेल, दिवसभर त्याच्याजवळ कोण असेल एवढं बघायचं असतं. उत्पन्नाचा पुरावा लागतो तो खर्च भागतो की नाही हे समजायला. दुकानाचं विवरणपत्र भरत असाल तर ते पुरेसं आहे.

वेळ जातो तो बोलण्यात. नवरा-बायकोशी एकत्र आणि वेगवेगळं. दोघांचीही मनापासून इच्छा आहे का? की एकजण दुसऱ्याच्या हट्टापायी 'हो' म्हणतोय? मूल होत नाही याचं दुःख दोघांनी बोलून मोकळं केलंय का? हे फार महत्त्वाचं. ज्या घरात ते दुःख अजून ओलं असतं तिथे येणारं मूल पहिल्या दिवसापासून 'न झालेल्या' मुलाच्या जागी उभं केलं जातं. अशा जोडप्यांना मी सहा महिने थांबा म्हणायची. रागावून गेलेले पुढे स्वतःहून परत आले आहेत.

घरातल्या वडीलधाऱ्यांशीही बोलणं होतं. आजी-आजोबांनी नाक मुरडलं म्हणून अर्ज फेटाळला जात नाही, पण त्या वातावरणात तुम्ही मुलाच्या बाजूने कसे उभे राहाल ते मी विचारायचेच. 'आम्ही त्यांना कळूच देणार नाही' असं कुणी म्हटलं की समजावं, इथे अजून बरंच बोलायचं आहे.

एक विनंती. पाठ करून उत्तरं देऊ नका. घर आवरायला दोन दिवस घालवू नका, चहा-पोह्यांपलीकडे पाहुणचार नको. आम्ही चुका शोधायला येत नाही. या मुलाला हे घर मानवेल का एवढंच बघायला येतो. हा अहवाल तीन वर्षं चालतो. दरम्यान घर बदललं, नोकरी बदलली, घरात काही घडलं तर कळवायचं.

कातळ

मी ४३, बायको ४१. नुकतीच नोंदणी केली. वयाचं गणित आणि प्रतीक्षा नेमकी किती, कुणी सांगेल का?

रानजाई

वयोमर्यादा मुलाच्या वयोगटावर ठरते. जोडप्याच्या वयांची बेरीज बघतात. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ८५, दोन ते चारसाठी ९०, चार ते आठसाठी १००, आठ ते अठरासाठी ११०. एकल पालकाला याच गटांत अनुक्रमे ४०, ४५, ५० आणि ५५. शिवाय पालक आणि मूल यांच्या वयात किमान २५ वर्षांचं अंतर हवं. लग्नाला दोन वर्षं झालेली असावीत. दोन किंवा अधिक मुलं असतील तर सर्वसाधारण यादीत घेत नाहीत, फक्त विशेष गरजा असलेली किंवा घर मिळायला अवघड जाणारी मुलं दत्तक घेता येतात.

तुमची बेरीज ८४, म्हणजे बाळाच्या गटाच्या अगदी काठावर. आणि प्रतीक्षा लांब आहे. निरोगी तान्ह्या बाळासाठी साधारण साडेतीन वर्षं धरून चाला. २०२४-२५ या वर्षात देशभरात ४,५१५ मुलं दत्तक गेली, त्यातली ४,१५५ देशातच. कित्येक वर्षांतला हा सगळ्यात मोठा आकडा, तरी यादीत थांबलेले पालक तीस हजारांच्या वर आहेत. जवळपास सगळ्यांना दोन वर्षांच्या आतलंच बाळ हवं असतं.

पाणकोंबडा

कातळ, तुमच्या प्रश्नावर मला जे मनापासून सांगायचंय ते जरा लांबेल.

आम्हीही तान्ह्या बाळासाठीच नाव घातलं होतं. वाट बघता बघता समजत गेलं की संस्थांमध्ये पाच, सात, दहा वर्षांची मुलंही वाट बघत असतात. त्यांच्या खोलीत नवे पालक येतात, शेजारच्या पाळण्यातलं बाळ घेऊन जातात. मोठ्या मुलांना हे सगळं कळत असतं. आम्ही वयोगट बदलला आणि सहा वर्षांची मुलगी आमच्याकडे आली. दुसऱ्या राज्यातली, मराठीचा एक शब्द येत नव्हता.

पाच वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमती लागते. तिला आमचे फोटो, घराचे फोटो दाखवले होते. आम्ही भेटायला गेलो तेव्हा ती आमच्याकडे बघतही नव्हती. दुसऱ्या दिवशी बायकोच्या पर्सची चेन उघड-बंद करत शेजारी बसली. संस्थेतल्या ताई म्हणाल्या, झालं, ती येणार.

पहिले काही आठवडे ती इतकी शहाण्यासारखी वागली की आम्ही भारावून गेलो. ताट स्वतः घासायची, काही मागायची नाही. पुढे ते ओसरलं. चपात्या उशीखाली ठेवायला लागली. दिवा बंद केला की किंचाळायची. 'मला परत सोडून या' असं रोज म्हणायची, आणि म्हणताना आमचा चेहरा निरखायची. समुपदेशकांनी नीट समजावलं: ती खात्री करून घेतेय की तुम्ही खरंच टिकणार आहात का. आम्ही तिच्या उशाशी खाऊचा डबा ठेवला, कधीच रिकामा होऊ दिला नाही. चपात्या लपवणं हळूहळू बंद झालं. डबा मात्र बरेच दिवस तिथेच होता.

भाषेची भीती वाटत होती, ती फोल ठरली. सोसायटीतल्या पोरांनी तिला आमच्याआधी मराठी शिकवलं, शिव्यांसकट. शाळेत एक इयत्ता खालच्या वर्गात घातलं. काही नातेवाइकांनी 'एवढी मोठी कशी आपली होणार' असं तोंडावर म्हटलं. आज तीच त्यांच्या घरी हट्टाने राहायला जाते.

सोपं नाही. मोठ्या मुलांच्या बाबतीत काही वेळा आदेशापूर्वीच मूल परत संस्थेत जातं, आणि त्या मुलासाठी तो दुसरा आघात असतो. म्हणून केवळ यादी लहान आहे म्हणून हा गट निवडू नका. मनाची तयारी असेल तर जरूर निवडा. समुपदेशन आधी घ्या, नंतरही घ्या. दोघांपैकी एकाला तरी सुरुवातीचे काही महिने घरी राहता येईल असं बघा.

नेहमीच्या यादीतून ज्या मुलांना घर मिळालेलं नसतं, त्यांना पोर्टलवर सात दिवसांसाठी सगळ्या नोंदणीकृत पालकांना दाखवतात. तिथे ज्येष्ठता लागत नाही. अधूनमधून ते पान उघडून बघा एवढीच विनंती. भावंडांच्या जोड्याही असतात.

कातळ

पाणकोंबडा, दोनदा वाचलं. बायकोला वाचून दाखवताना मध्येच थांबावं लागलं. चार ते आठचा गट आमच्या डोक्यातच नव्हता. आता बोलतोय.

गुलबक्षी७

मुलाची जात, रंग यांची माहिती आधी मिळते का? घरच्यांचा आग्रह आहे म्हणून विचारते, राग नसावा.

देवचाफा

राग नाही, पण उत्तर सरळ देते. अर्जात मुलगा की मुलगी, वयोगट, तब्येत याबद्दल पसंती देता येते. जातीचा रकाना नाही. सोडून दिलेल्या बाळाची जात कुणालाच ठाऊक नसते. रंगाचं म्हणाल तर फोटो दिसतो, आणि तो बघून नाही म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. तीन रेफरल नाकारली तर वर्षभर नोंदणी करता येत नाही हेही त्यांना सांगून ठेवा.

घरच्यांना एक आठवण करून द्या. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे आलेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई त्याच्याच दवाखान्यात रुग्णांची सेवा करता करता गेल्या. आपल्याच मातीत हे दीडशे वर्षांपूर्वी घडलंय. तेव्हा ज्यांना जात आडवी आली नाही, त्यांच्या महाराष्ट्रात आपण आज काय विचारतोय?

आणि एक चांगली गोष्ट. दरवर्षी मुलांपेक्षा मुली जास्त दत्तक जातात, आणि दत्तकाच्या संख्येत महाराष्ट्र देशात पुढे असतो.

माजघर

मी आजी आहे, नातू दत्तक आहे. टंकायला वेळ लागतो, थोडंच लिहिते. बारसं थाटात करा. चोरून-लपून आणलंय असं मुलाला वाटायला नको. कोणी विचारलं 'खरे आईबाप कोण', तर शांतपणे सांगायचं, हेच. मुलाला लहानपणापासूनच सांगत जा. आमच्याकडे त्याला रोज रात्री 'तू आमच्या घरी कसा आलास' हीच गोष्ट लागते. गाडीत तो कुठे रडला, कुठे झोपला सगळं पाठ आहे त्याला. चुकून एखादा प्रसंग गाळला तर रागावतो.

चांदणवेल

माजघर आजी, किती सुंदर लिहिलंत! माझे दोन प्रश्न. मी ३६ वर्षांची, अविवाहित. एकटीला मिळेल का? आणि रजेचं काय?

मुचकुंद

एकल स्त्रीला मुलगा किंवा मुलगी, कोणीही दत्तक घेता येतं. एकल पुरुषाला मुलगी घेता येत नाही. तुम्हाला एका नातेवाइकाचं हमीपत्र जोडावं लागेल की तुमचं काही बरंवाईट झालं तर ते मुलाला सांभाळतील. इथे नुसती सही घेऊ नका, त्या माणसाशी नीट बोला.

रजा: २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने दत्तक आईला १२ आठवडे दिले, पण तीन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी. सोडलेलं बाळ दत्तकासाठी कायदेशीररीत्या मोकळं करायलाच बाल कल्याण समितीला दोन महिन्यांपर्यंत लागू शकतात, पुढची प्रक्रिया वेगळी. तेव्हा या अटीत बसणारी आई विरळाच असायची. ही अट अन्यायकारक होती असं माझं ठाम मत आहे; २०२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. केंद्र सरकारी नोकरीत एक वर्षाच्या आतल्या मुलासाठी १८० दिवस मिळतात. खासगी कंपनीत असाल तर त्यांचं स्वतःचं धोरण लेखी मागून घ्या. काही कंपन्या कायद्यापेक्षा जास्त देतात.

आदेशाबद्दल थोडं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तक आदेशाचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये अंतरिम आदेश देऊन इथली प्रकरणं न्यायालयांकडेच ठेवली. तुमचा अर्ज कुठे दाखल होईल ते संस्था सांगते, ते काम तिचंच असतं. आदेशानंतर जन्मदाखल्यावर आई-वडील म्हणून तुमचीच नावं येतात आणि मुलाला वारसासकट सगळे हक्क मिळतात.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीत असतो, भारतीय पासपोर्ट आहे. दादा-वहिनी अपघातात गेले. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा सध्या साताऱ्यात माझ्या आईजवळ आहे. आईचं वय झालंय. आम्ही त्याला दत्तक घेऊन इकडे आणू इच्छितो. गावातले वकील म्हणतात, रजिस्टर दत्तकपत्र करा, काम झालं.

मुचकुंद

फार वाईट वाटलं वाचून.

नुसत्या दत्तकपत्रावर घाई करू नका. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम १९५६ खाली दत्तकपत्र होतं हे खरं, पण त्यात अटी आहेत. तुम्हाला स्वतःचा मुलगा असेल तर दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही. आई-वडील दोघंही हयात नसतील तर पालकाला मूल दत्तक द्यायला आधी न्यायालयाची परवानगी लागते. आणि मूल परदेशी न्यायचं म्हणजे काराचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतंच.

तुमच्यासाठी बाल न्याय कायद्याखालचं नात्यातलं परदेशी (इंटर-कंट्री) दत्तक हा रस्ता सरळ आहे. काका-काकू त्या कायद्याच्या 'नातेवाईक' व्याख्येत बसतात. अमेरिकेतल्या अधिकृत दत्तक एजन्सीकडून होम स्टडी करून घ्या, नोंदणी त्यांच्यामार्फतच होते. इकडे आईंनी सातारच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन भेटावं. दादा-वहिनींचे मृत्यूचे दाखले, मुलाचा जन्मदाखला आणि नातं सिद्ध करणारे कागद सोबत असू द्यात. अमेरिकेच्या व्हिसाचे नियम वेगळे आहेत, तिथल्या इमिग्रेशन वकिलाला सुरुवातीलाच विचारा. क्रम चुकला तर इथला आदेश हातात असूनही मुलाला वर्षानुवर्षं तिकडे नेता येत नाही.

नऊ वर्षांचा आहे, त्याची संमती लागेल. त्याच्याशी आत्तापासून रोज व्हिडिओवर बोलत राहा. आजीला सोडून यायचंय त्याला.

सातासमुद्रापार

आभार. आई उद्या कार्यालयात जाईल. मुलाशी रोज बोलतो आहोतच. तो विचारत होता, आजी कधी येणार तिकडे. तिच्या व्हिसाचंही बघायला घेतो.